लिंतानचे उंबरे

चोआ चू कांग, सिंगापूर
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय आई,
सप्रेम सलाम.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस, म्हणून हे मोठ्या अक्षरांत टाइप करून तुझ्या वरच्या मजल्यावरच्या स्वानंदीला पाठवते आहे. ती छापून आणून देईल. तू नेहमीसारखं हाताने लिही, ती फोटो काढून मला पाठवेल.

बातमी मोठी आहे. बाबांच्या बेटांवरची माणसं मला सापडली, आणि तीही इथे सिंगापुरातच.

काल चिनी नववर्षाची सुट्टी होती. माझ्या प्रयोगशाळेतली मैत्रेयी सेरंगूनला राहते, तिच्याकडे जेवायला गेले होते. तिच्या घरी कामाला मार्टा नावाची बाई आहे. बोलता बोलता मी म्हटलं, माझे वडील लिंतान बेटांवर मास्तर होते, तिथेच वारले. मार्टा भात वाढत होती. तिने नाव विचारलं. मी सांगितलं, कमलाकर आढाव. तिने डाव खाली ठेवला, माझे दोन्ही हात घेऊन आपल्या कपाळाला लावले आणि म्हणाली, "गुरू कमला." तिकडे शिक्षकाला आपल्यासारखंच गुरू म्हणतात.

आज सकाळी ती मला त्यांच्या उपासनेला घेऊन गेली. एका कारखान्याच्या इमारतीत चौथा मजला, शेजारी टायरचं गोदाम. आत सगळी लिंतानची माणसं, जहाजबांधणीतले कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायका. दारातून आत जाताना प्रत्येक जण वाकून उंबऱ्याला हात लावत होता. मला वाटलं, चपला काढताहेत.

आई, बाबांनी लिहिलं होतं ना, की एका कोळ्याच्या घराशिवाय प्रार्थनेला कोणी टिकत नाही, बाकीचे हिवतापाच्या गोळ्यांपुरते येतात? आज तिथे लहानात लहान बेटावरसुद्धा चर्च आहे. हे बघायला ते नाहीत, याचं मला उपासनाभर वाईट वाटत राहिलं.

त्या कोळ्याचा मुलगा योसेफ आता सगळ्या बेटांवरच्या चर्चचा प्रमुख आहे. मार्टाने त्याला फोन लावून दिला. ईस्टर झाला की ये, म्हणाला. बाबांना आणायला लागणाऱ्या कागदपत्रांची चौकशीही मी आधीच केली आहे. माझ्या घरावरून जी बस जाते तिच्या शेवटी इथली मोठी दफनभूमी आहे, तिथल्या कबरी उकरणाऱ्या एका चिनी म्हाताऱ्याला जाऊन भेटले. तो म्हणाला, "इथे पण फिफ्टीन इयर्स ओन्ली, लाह. मग सगळ्यांनी उठायचं." जागाच नाही ना या देशात, म्हणून पंधरा वर्षांनी कबर उकरतात. हाड पुसून कसं गुंडाळायचं ते त्याने दाखवलं. पायाची हाडं तळाशी, डोक्याचं वर. म्हणजे माणूस पेटीत नीट बसतो.

तू सांगितलंस तसं करते आहे. बाबांना घरी आणते.

तुझी,
अनुया


मिशन कंपाउंड, नगर
२० फेब्रुवारी २०२४

चि. अनुया,
अनेक आशीर्वाद.

तुझी एवढाली अक्षरं पाहून मला पहिलीच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. पोरींच्या वह्या तपासण्यात जन्म गेला माझा. मला अजून दिसतं.

मार्टाला माझा सलाम सांग. बाबांचं नाव अजून कोणाच्या तोंडी आहे हे वाचून बरं वाटलं. पण अनुया, मला त्यांचं स्मारक नको, फोटोला हार नको. आपण हाडं पुजणारी माणसं नव्हे. मला फक्त ते इथे हवेत. माझ्या सासू-सासऱ्यांच्या शेजारी आपली जागा आहे, तिथे मला एकटीला ठेवू नका, एवढंच माझं मागणं आहे.

तुला तेव्हाचं आठवणार नाही. तू रांगत होतीस. मंडळीच्या वार्षिक सभेत त्यांनी उभं राहून सांगितलं, तीन वर्षांसाठी जातो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. ती तीन वर्षांना हलवली होती. तिसरं वर्ष संपता संपता हिवतापाने गेले आणि तार आली. म्हणजे त्यांनी शब्द मोडला नाही, पण पाळलाही नाही. मला कोणावर रागावता आलं नाही, ते तसंच राहून गेलं.

आता कामाचं. भलत्याच कोणाला उचलून आणू नकोस. डाव्या पायाची नडगी बघ. राहुरीच्या रस्त्यावर सायकलवरून पडले होते, हाड मोडून वाकडं जुळलं. मी त्या पायाला रोज तेल चोळायची. हात लावला की गाठ लागायची.

माझं ठीक आहे. पोटात जरा जड वाटतं. डॉक्टर सोनोग्राफी करा म्हणतात. नवीन मशीन आणलंय त्यांनी, ते चालवायला हवं ना.

तुझी,
आई


चोआ चू कांग
२८ एप्रिल २०२४

प्रिय आई,
सप्रेम सलाम.

काल परत आले. इथून फेरीबोटीने तांजुंग पिनांग बंदर आणि पुढे दोन दिवस मालवाहू बोट. कांद्याच्या पोत्यांवर झोपले आणि सगळी वाट ओकत गेले. समुद्रातल्या प्रवाळावर संशोधन करणारीला बोट लागते, याची खलाशांना फार मजा वाटली.

पण आई, काय बघितलं म्हणून सांगू. बेट लांबून दिसायला लागलं की आधी दिसतं ते चर्चचं पत्र्याचं छप्पर, मग नारळ, मग होड्या. माणसं गुडघाभर पाण्यात शिरून मला घ्यायला येत होती. प्रत्येक ठिकाणी एखादी म्हातारी माझी हनुवटी धरून बाबांचं नाक शोधायची. माझं नाक तुझ्यावर गेलंय. बिचाऱ्या जरा हिरमुसायच्या.

आणि हे सगळं कोणी केलं असेल? मला वाटलं होतं बाबांमागून मोठमोठे प्रचारक आले असतील. कोणी आलं नाही. योसेफकाकांची बहीण लग्न होऊन शेजारच्या बेटावर गेली, तिने तिथे सासरी संध्याकाळची प्रार्थना सुरू केली. तिची नणंद पुढच्या बेटावर दिली, तिने तिथे. नांदायला गेलेल्या मुलींनी हे चर्च बेटाबेटावर नेलं. चर्च चालवणारे पाळक वगैरे पुष्कळ नंतर आले.

योसेफकाकांना बाबांनीच इंग्रजी शिकवलेलं. ते "व्हेरी गुड" म्हणाले तेव्हा मी दचकले. अगदी नगरच्या मास्तरांसारखं म्हणाले. आई, मला बाबांचा आवाज आठवत नाही. तो असा असेल का गं?

कबरीपाशी गेले, प्रार्थना केली. शाळेच्या मागे जागा आहे, समुद्र दिसतो. पण एका कागदावर शिक्का राहिलाय, त्यामुळे या खेपेला जमलं नाही. पुन्हा जाईन. तू काळजी करू नकोस. सोनोग्राफीचं काय झालं ते लिही.

तुझी,
अनुया


नगर
६ मे २०२४

चि. अनुया,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळं पत्र चर्चचं, नाकांचं आणि कांद्याच्या पोत्यांचं. कबरीला चार ओळी. शाळेत गणितात नापास झालीस की घरी येऊन तू असंच सहलीचं वर्णन करायचीस. मला काय ते कळलं.

त्या लोकांना तुझे बाबा द्यायचे नाहीयेत. असंच होतं. जिवंत होता तेव्हा एक घर सोडून कोणी ऐकत नव्हतं, आता मेल्यावर त्यांचा गुरू झाला. तिथे मेणबत्त्या लावत असतील, नवस बोलत असतील, आणि तू भोळी, चार म्हाताऱ्यांनी हनुवटी धरली म्हणून विरघळून आलीस.

त्या योसेफला माझ्या नावाने सांग. म्हणावं, गुरू कमलाची बायको जिवंत आहे. तिने माणूस तीन वर्षांसाठी पाठवला होता, कायमचा दिला नव्हता. मुदत संपून तुम्हाला म्हातारपण आलं. आता परत द्या.

चर्च वाढलं ते प्रभूने वाढवलं. त्याला माझ्या नवऱ्याची हाडं लागत नाहीत.

सोनोग्राफी झाली. विशेष काही नाही.

तुझी,
आई


चोआ चू कांग
१९ मे २०२४

प्रिय आई,

मी खोटं लिहिलं. शिक्का वगैरे काही राहिलेला नाही. योसेफकाकांनी कोणालाही अडवलेलं नाही, आणि तिथे मेणबत्त्याही नाहीत. तुला कसं सांगावं हे मला तीन आठवडे समजलं नाही. आज उपासनेला गेले होते, त्या उंबऱ्यापाशी आले आणि मला आत पाऊल टाकवेना. तेव्हा ठरवलं, आज लिहायचंच.

आई, बाबांची कबर रिकामी आहे.

शाळेच्या मागे नुसता खड्डा आहे. कडेने पांढरे दगड नीट लावलेले, आत गवत. मी योसेफकाकांना विचारलं, बाबा कुठे आहेत? त्यांनी हात लांब करून सगळ्या समुद्रावरून फिरवला.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "गुरू वारले तेव्हा आम्ही चारच माणसं होतो. पुढे काय करायचं आम्हाला ठाऊक नव्हतं. मग तुमच्या देशातून एक साहेब आले. म्हणाले, गुरूंच्या बायकोने कबरीवरची मूठभर माती मागितली आहे. आम्ही दिली. त्यांनी ती पांढऱ्या रुमालात बांधली, दोन्ही हातांवर धरली आणि बोटीत बसेपर्यंत खाली ठेवली नाही. तेव्हा आम्हाला कळलं, चर्च एका गावाहून दुसऱ्या गावी असं न्यायचं असतं. पुढच्या वर्षी माझी बहीण सासरी निघाली. आईने तिला मूठभर माती बांधून दिली. तिने ती सासरच्या उंबऱ्याखाली पुरली. लोक विचारायला लागले, काय पुरलंस? ती सांगायला लागली."

आई, प्रत्येक चर्चच्या उंबऱ्याखाली बाबा आहेत. तो कारखान्यातला चौथा मजलाही सुटला नाही. तिथे सिमेंटमध्ये लाकडी पट्टी बसवली आहे आणि तिच्याखाली डबी आहे.

आधी माती नेली. मातीने खड्डा पडत गेला. मग एका वर्षी समुद्र चढला, मागचा काठ ढासळला आणि बाबा उघडे पडले. ही माणसं घाबरली. एका जागी ठेवले तर समुद्र नेईल, म्हणून त्यांनी बाबांना बेटाबेटांत वाटून ठेवलं. त्यात अघोरी काही नव्हतं आई, जपण्यासाठीच केलं. काका सांगताना रडत होते. त्यांना वाटत होतं मी शाबासकी द्यायला आले आहे. मी न्यायला आले आहे हे कळल्यावर त्यांनी डोळे पुसले.

शेवटी म्हणाले, "ही रीत आम्हाला तुझ्या आईने शिकवली. ती म्हणाली तर आम्ही सगळे उंबरे उकरू. होड्या पाठवू आणि गुरूंना गोळा करून देऊ. तिला विचार."

विचारते आहे.

अनुया


नगर
२ जून २०२४

चि. अनुया,

हो, मी माती मागितली होती. मिशनचे लोंढेसाहेब सिंगापूरला बैठकीला निघाले होते, त्यांना म्हटलं, तिथपर्यंत जाऊन या आणि मला मूठभर माती आणा. दफनाला मी नव्हते. माझ्या हाताने टाकायची राहिलेली ती माती, म्हणून मागितली. त्यात धर्म काहीच नव्हता. ती फार दिवस जपलीही नाही. अबोलीच्या कुंडीत घातली. पुढे ती कुंडी फुटली.

मी एक मूठ मागितली आणि त्यांनी माणूस संपवला. हे मी कोणाला सांगू? पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, मधुमतीबाई, ही केवढी साक्ष आहे. रविवारी उपासनेत ते सगळ्यांना सांगणार होते. मी त्यांना म्हटलं, माझ्या देखत सांगू नका.

योसेफला सांग, ती म्हणाली, उकरा. एक तुकडासुद्धा मागे ठेवू नका.

आई


चोआ चू कांग
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय आई,
सप्रेम सलाम.

जून-जुलैत तुझी दोनच ओळींची उत्तरं येत होती, आणि अक्षर उतरत होतं. काय झालंय ते लिहीत का नाहीस? स्वानंदीला विचारलं तर ती "काकूंना विचार" म्हणते.

तुझा निरोप मी योसेफकाकांना जसाच्या तसा सांगितला. त्यांनी एकदाही "पण" म्हटलं नाही. इथल्या मंडळीने सगळ्यांत आधी उंबरा काढला. मार्टा आणि बाकीच्या बायका बाजूला उभ्या राहून गात होत्या. नंतर त्या पट्टीच्या जागी सिमेंटात नुसती खाच राहिली. पुढच्या रविवारी सगळे तिथे वाकले, हात कुठे लावायचा कळेना, मग तसेच आत गेले.

या महिन्यात मी पुन्हा लिंतानला गेले. सोबत रुचिर होता. तो पुण्याचा, विद्यापीठात शरीररचनेवर संशोधन करतो. मानवी हाडं वाचणं हेच त्याचं काम. तू विचारायच्या आधी सांगते, त्याला बायको आहे आणि दोन मुलंही आहेत.

होड्या आठवडाभर येत होत्या. प्रत्येक बेटावरून एक गाठोडं, पांढऱ्या कापडात बांधलेलं, दोन्ही हातांवर धरून आणलेलं. शाळेच्या वर्गात चटई अंथरून रुचिर एकेक उघडत होता. तिसऱ्या दिवशी तो मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "अनुया, हा एक माणूस नाहीये."

मला वाटलं, उन्हाने याचं डोकं फिरलं. पण आई, डाव्या नडग्याच दोन आल्या होत्या. दोन्ही सरळ. मोडून जुळलेली एकही नाही. काही हाडं बाईची होती. एक म्हाताऱ्याचं होतं. आणि एक हाताचं हाड इतकं लहान होतं की ते त्याने माझ्या तळहातावर ठेवलं. चार-पाच वर्षांच्या मुलीचं किंवा मुलाचं असेल, म्हणाला.

मी योसेफकाकांकडे गेले. माझा आवाज चढला होता. ते शाळेच्या पायरीवर बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं.

"गुरू कमला संपले होते. बेटं संपली नव्हती. नव्या बेटावरची माणसं होडी घेऊन यायची आणि हात पुढे करायची. त्यांना काय सांगणार, तुमच्या वाट्याला गुरू उरले नाहीत? पहिल्या वेळी मी माझ्या वडिलांच्या कबरीतून दिलं. गुरूंचं पहिलं ऐकलं ते त्यांनीच, म्हणून मला ते चालेलसं वाटलं. मग दुसऱ्यांनी आपापले दिले. ज्याने दिलं तो कोणाला सांगायचा नाही. सगळ्यांना गुरू कमलाच म्हणायचं, असं ठरलं होतं."

म्हणजे बाबा त्यात आहेत का? असतील. थोडे. रुचिर म्हणतो, सिंगापूरला नेऊन तपासण्या केल्या तरी इतक्या खारट मातीतल्या हाडांतून काही सापडेल याची खात्री नाही. जुनी चर्चं किनाऱ्याला लागून होती, त्यांतल्या काहींचे उंबरे समुद्राने आधीच नेले आहेत.

आता सगळ्यात कठीण ते लिहिते. ते लहान हाड अगदी टोकाच्या बेटावरून आलं होतं. ते घेऊन रूथ नावाची बाई आली होती. माझ्याच वयाची असेल. बाकीचे लोक गाठोडं देऊन, जेवून परत गेले. ही गेली नाही. वर्गाच्या दाराशी बसून राहिली. रुचिरने ते उघडलं तेव्हा उठून आत आली. मी मार्टाकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, हे कोणाचं? ती म्हणाली, गुरू कमला. मी पुन्हा विचारलं. गुरू कमला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ठरल्याप्रमाणे तेच सांगत होती.

मग तिने मला विचारलं, "तुमच्या देशात थंडी असते का?"

मी तिला नाही म्हणाले की हो, ते आठवत नाही.

सगळी गाठोडी शाळेत कुलुपात ठेवली आहेत. योसेफकाका म्हणतात, मधुमतीबाई सांगतील तसं. न्यायचं असेल तर न्यायला परवानगी आहे, कागद तयार आहेत. मी तुझ्या वतीने ठरवू शकत नाही आई. माझ्यात ते बळ नाही. तू सांग.

तुझी,
अनुया


नगर
८ सप्टेंबर २०२४

चि. अनुया,
अनेक आशीर्वाद.

हे अक्षर स्वानंदीचं आहे, शब्द माझे. तिला बजावलंय, मध्ये आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. थंडीचं आलं तिथे तिला पुढे वाचवेना. पाणी पिऊन आली, मग वाचलं.

आधी मला संताप आला. योसेफचा आला, तुझा आला, त्या हाडं ओळखणाऱ्या मुलाचाही आला, त्याने गप्प बसायला काय हरकत होती? पहिल्या दिवशी मी ठरवलं होतं, जे आहे ते सगळं आण. त्यात चिमूटभर तरी ते असतील. बाकीचे कोण का असेनात, आपल्या जागेत मावतील. मी तसं सांगणारच होते.

पण ती बाई माझ्या डोक्यातून जाईना. मी नवरा दिला नव्हता गं. तो गेला, मी फक्त मान हलवली. तिने आपलं लेकरू आपल्या हाताने दिलं, आणि त्याचं नावसुद्धा सोडून दिलं. आणि मी इथे नगरला बसून निरोप धाडला, उकरा, एक तुकडा मागे ठेवू नका. तिने ते माझ्यासाठी उकरलं. होडीत मांडीवर घेऊन आली असेल. आणि आल्यावर काय विचारलं, तर थंडी असते का.

तिला सांग, असते. नगरला डिसेंबरात कडाक्याची थंडी पडते, शेकोटी करावी लागते. लहान मुलांनी इथे येऊ नये. तिचं तिला परत दे. तूच दे, दोन्ही हातांनी. कोणाचं आहे ते विचारू नकोस.

बाकीची गाठोडीही ज्याच्या त्याच्या उंबऱ्याखाली जाऊ देत. तुमच्या त्या चौथ्या मजल्यावरचंसुद्धा. कोण खरं कोण दुसरं ते शोधत बसू नका. त्यांनी सगळ्यांना एकच नाव दिलंय, तेच राहू दे. योसेफला म्हणावं, तुझे वडील पहिले होते हे मला माहीत आहे. तुझ्या गुरूंनी मला त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, चांगला माणूस आहे, पण पाढे येत नाहीत.

हे सगळं मी मोठ्या मनाने सांगते आहे असं समजू नकोस. मला ते हवे होते, अजून हवेत. पाळकसाहेबांनी शेवटी उपासनेत सांगितलंच, समुद्रापार एवढी चर्चं उभी राहिली म्हणून. सगळे माझ्याकडे वळून बघत होते, अगदी त्या सभेत बघत होते तसे. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. प्रभूला मी तसं स्पष्ट सांगितलं आहे. पुढचं तो आणि मी बघून घेऊ.

आता माझं. पोटात गाठ आहे आणि ती पसरली आहे. मला मार्चपासून माहीत आहे. तुला सांगितलं असतं तर तू बेटांवर न जाता इकडे आली असतीस. मला तेव्हा तुझ्यापेक्षा ते यायला हवे होते. हे वाक्य लिहायला स्वानंदी तयार नव्हती, मी लिहायला लावलं. तुला खरं कळायला हवं. आता डॉक्टर नाताळची गोष्ट काढली की विषय बदलतात.

मी आयुष्यभर एकाच माणसाची वाट बघितली आणि तू तेवढ्यात मोठी झालीस. तू कधी शाळेतून आलीस, कधी परदेशी गेलीस, मी दाराशी असायची, पण माझं लक्ष रस्त्याकडे असायचं. तुला ते कळत असणार. तू बोलली नाहीस.

त्या बाईचं गाठोडं तिला देऊन झालं की रजा काढ आणि ये. सामान जास्त आणू नकोस. लिटिल इंडियातून साड्या आणि मिठाया उचलून आणशील, त्याही नकोत. मला आता काही खाल्लेलं पचत नाही.

रिकाम्या हातांनी ये. मला ते धरायचे आहेत.

तुझी,
आई